बाराशे शहाण्णव सालातले काका

जगात साल एकच होऊन गेलं, बाकीची सगळी नुसती भिंतीवर टांगली आणि डिसेंबरात उतरवली, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला भेटला, आणि तोही कुठे, तर दोह्यात. ते साल म्हणजे बाराशे शहाण्णव. हा माणूस माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला. कामगारांच्या कॅम्पना जेवण पुरवणारी कंपनी; माझा नवरा तिच्या अकाउंट्समध्ये आणि हे तिच्या गोदामाचे मुख्य, म्हणून सगळ्यांचे स्टोअरवाले काका. गाव देवगिरीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी. लहानपणी गुरं हाकताना किल्ला दिसायचा, कॉलेजात जाऊन इतिहासात बी.ए. केलं आणि त्या पदवीवर कतारमध्ये तांदळाची पोती मोजायची नोकरी लागली. राहायला कंपनीने बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीत खोली दिलेली. खोलीत एक मल्याळी, दोन नेपाळी. माणसं सोन्यासारखी, पण मराठीत 'हूं' म्हणणारंही कोणी नाही. त्यामुळे आठवडाभराचं मराठी साठवून काका शुक्रवारी अल थुमामात आमच्या घरी यायचे आणि दार उघडल्याबरोबर ते सोडायचे. आम्ही वसईचे कॅथलिक. आमचा रविवार इथे शुक्रवारी येतो. चर्चमधल्या मिस्साहून परत येऊन मी पदर खोचून माशाला मसाला लावते न लावते तोच बेल वाजायची, आणि चपला काढता काढता काका म्हणायचे, "ताई, पोलंडचं कळलं का?"

पोलंडला काय झालं असेल म्हणून पहिल्यांदा मी घाबरून फोन उघडला होता. झालं होतं ते सव्वासातशे वर्षांपूर्वी. तिथल्या राजाला मुकुट घालून वर्षही लोटलं नव्हतं आणि त्याचा खून झाला. काकांना त्याचं ताज्या सुतकासारखं वाईट वाटत होतं. मग जेवताना एकेक राज्य ताटाजवळ यायचं. इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंड घेतलं आणि तिथल्या राजांचा गादीवर बसताना बसायचा दगडसुद्धा उचलून नेला. सिसिलीत थोरल्याने हक्क सोडला तर धाकट्याने मुकुट चढवून घेतला. कैरोचा सुलतान सीरियाहून परतत होता, वाटेतच त्याच्या नायबाने छावणीवर हात टाकला. दिल्लीत पुतण्याने काकाला मारलं, आणि तो काका त्याचा सासराही होता. हे सगळं त्या एकाच सालात. आपल्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये घडल्यासारखं सांगायचे, कोण चुकलं, कोणी ऐकायला हवं होतं, कोणाला आधीच शंका यायला हवी होती. मध्येच माझ्याकडे वळून "भात वाढा थोडा" म्हणायचे आणि पुन्हा कैरोला जायचे. माझी मुलगी इथल्या इंग्रजी शाळेतली, तिला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिने एकदा विचारलं, "अंकल, दुसरं काहीच झालं नाही का इन द होल हिस्ट्री?" काका विचारात पडले आणि म्हणाले, "झालं असेल. माझं लक्ष नव्हतं."

बरं, हे नुसतं जेवणापुरतं असतं तर चाललं असतं. ऑफिसात नवा मॅनेजर आला आणि त्याने जुन्या मॅनेजरची खुर्ची उचलून आपल्या केबिनमध्ये नेली, तेव्हा काकांनी माझ्या नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन "स्कॉटलंड" एवढंच सांगितलं. नवरा दिवसभर हसू दाबत बिलं तपासत होता. एकदा आम्ही उत्तरेला अल रुवैसला मासे घ्यायला आणि जरा समुद्र बघायला गेलो. नवऱ्याचा पुतण्या तेव्हा नोकरी शोधायला आलेला, त्यालाही नेलं होतं. कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या, एकाने बोलावलं म्हणून दोघं चढायला निघाले. काकांनी धावत जाऊन माझ्या नवऱ्याचा शर्ट मागून धरला. दिल्लीचा काका असाच बेसावध नावेतून उतरला, पुतण्याला मिठी मारली आणि तिथेच गेला, हे त्यांनी त्या पोराच्या तोंडावर सांगितलं. पोरगा भला, त्याने खिसे उलटे करून दाखवले. मग काका स्वतः दोघांच्या मध्ये बसले आणि पूर्ण फेरी पुतण्याकडे तोंड करून केली. समुद्र त्यांनी पाहिलाच नाही.

पण खरी गंमत गोदामात. त्याच साली दिल्लीच्या त्या पुतण्याने देवगिरीला वेढा घातला तेव्हा किल्ल्यात धान्य नव्हतं. कोकणातून व्यापारी पोती घेऊन आले होते, घाईत ती टाकून पळाले, ती किल्ल्यावर चढवली. आता काय, पोटापाण्याची चिंता मिटली. पुढे पोती उघडली तर आत मीठ. किल्ला खाली यायला ते एक कारण पुरलं, असं सांगतात. ही गोष्ट काकांच्या इतकी जिव्हारी लागली होती की गोदामात आलेलं पोतं उघडून, आत हात घालून, जिभेला लावल्याशिवाय ते सही करायचे नाहीत. बाहेर रणरणत्या उन्हात ट्रक उभे, पठाण ड्रायव्हर "यल्ला काका, यल्ला" करून हॉर्न वाजवतायत, आणि काका शांतपणे साखर चाखतायत. एकदा साबणाच्या पावडरीचा माल आला. हाताला सवय, जिभेला सवय. संध्याकाळपर्यंत बोलताना फेस येत होता म्हणे. त्या शुक्रवारी मी त्यांच्यापुढे लिंबू सरबत ठेवलं आणि पोट धरून हसले. त्यांनी शांतपणे सरबत संपवलं आणि म्हणाले, "हसा. मीठ तुमच्याच पट्टीतलं होतं." आमच्या वसईची मिठागरं त्यांनी मला कधी माफ केली नाहीत. मीही मागे हटायची नाही. देवगिरीच्या लोकांना पोतं उघडून बघायची अक्कल नव्हती तर आमच्या मिठाचा काय दोष, असं मी ऐकवायची, आणि त्यांच्या ताटात मुद्दाम मीठ जरा लांब वाढायची.

अशाच एका शुक्रवारी, नवरा आत आडवा झाला होता, मी भांडी आवरत होते, तेव्हा मी सहज म्हटलं, "काका, एवढी सालं पडली आहेत, तुम्ही हेच का धरून बसलात?" मला वाटलं गावचा किल्ला म्हणतील. ते टेबल पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "त्या साली सैन्य घरी नव्हतं, ताई. युवराज सगळं सैन्य घेऊन दूर गेला होता. घरी कोणी नाही बघून तो दिल्लीचा पुतण्या आला." मग फडकं नीट घडी करून ठेवलं आणि बायकोचं सांगितलं. तिला डेंग्यू झाला होता. इथे वर्षाचा स्टॉक मोजायचा चालू होता. एवढा स्टॉक संपवून निघतो, असं फोनवर तिला सांगितलं. तीही हो म्हणाली, सावकाश या म्हणाली. ते पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मुलगी तेव्हा शाळेत. तिला आत्याने वाढवलं. हे सांगताना त्यांचा आवाज पोलंडच्या वेळी हलायचा तेवढासुद्धा हलला नाही, आणि मला हातातली कढई कुठे ठेवावी ते कळेना.

गेल्या वर्षी त्या मुलीला दिवस राहिले. काका आले ते पोलंडशिवाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आई नाही, तेव्हा माहेर म्हणजे आता बापच, असं त्यांनी जाहीर केलं. आत्या होती, पण आत्याचं घर म्हणजे माहेर नव्हे, हे त्यांचं ठरलेलं. राजीनामा देऊन टाकला, तारखेच्या चांगलं आधी पोचेल असं तिकीट काढलं. आणि मग दर शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात बाळंतपणाची शाळा भरू लागली. डिंक तळून कसा फुलवायचा, खारकेची पूड, अळिवाची खीर, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कसं घालायचं. न्हाऊ घालायला मी त्यांना पाच किलोची तांदळाची पिशवी दिली. मानेखाली हात, मानेखाली हात, असं स्वतःशी पुटपुटत त्या पिशवीला त्यांनी इतक्या मायेने आंघोळ घातली की तो तांदूळ शिजवायला माझं मन होईना. लाडवांचं मात्र काही खरं नव्हतं. गुळाचा पाक दरवेळी पुढे जायचा आणि लाडू दगड व्हायचे. "किल्ल्यावरून खाली टाकायला बरे आहेत," मी म्हणायची. ते मुकाट्याने दुसरा घाणा घ्यायचे. शेवटचा घाणा जमला. डब्यात भरताना प्रत्येक लाडवाचा कण काढून त्यांनी जिभेला लावला. लेकीला फोनवर हे सगळं सांगायचे. ती हसायची, पण बोलणं किल्ल्याकडे वळलं की लगेच, "बाबा, ते साल नको हं." लहानपणापासून राजकन्येच्या गोष्टींऐवजी तिने तेच ऐकलं होतं.

निघायची संध्याकाळ आली. आमच्याकडून विमानतळ जवळ, म्हणून बॅगा घेऊन काका दुपारीच आमच्याकडे आले. नवरा गाडीची किल्ली शोधत होता तेवढ्यात फोनवर आलं, विमानं बंद. कारण काय ते वाचेपर्यंत खिडक्यांच्या काचा थरथरल्या. इथल्या परदेशी लष्करी तळावर क्षेपणास्त्रं सुटली होती, आणि बाहेर आकाशात ती पाडणारे लाल ठिपके वर जात होते आणि फुटत होते. मुलगी येऊन माझ्या कमरेला बिलगली. सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले, वसईहून आईचा, दिराचा, सगळ्यांचा. आयुष्यभर लढायांवर जेवलेला हा माणूस सोफ्याच्या कडेला लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. मग आत्याचा फोन आला. लेकीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेलं होतं. काकांनी "बरं" म्हटलं आणि फोन डब्यावर ठेवला. आम्ही बोललो, विमानं सुरू होतील, इन्शाल्ला सकाळी काहीतरी होईल. त्यांना ऐकू आलं असेल असं वाटत नाही. जिला 'पुरे आता' म्हणायची सवय, तीच मी म्हणाले, "काका, काहीतरी सांगा ना. सिसिलीचं सांगा."

"आज नको, ताई," ते म्हणाले. "सैन्य परत बाहेरच राहिलं."

सकाळी मी चहा ओतत होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, नुसता बघत राहिले. शेवटी मीच स्पीकर लावला. पलीकडे लेकीचा आवाज, थकलेला, ओला, पण तिचाच. "बाबा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत." काका फोनवर वाकले. ती म्हणाली, "ऐकताय ना? किल्ला पडलेला नाही. सैन्य सावकाश आलं तरी चालेल."

मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, सांगायला लाज कसली. काका रडले नाहीत. त्यांनी डबा उघडला, पहिला लाडू माझ्या मुलीला दिला, एक मला, एक नवऱ्याला. बऱ्याच वेळाने, चहा निवल्यावर, माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, "तू विचारलं होतंस ना, दुसरं काही झालं नाही का? झालं होतं. त्याच साली सयामकडे एका राजाने एक नवं शहर वसवलं. अजून आहे ते. लोक राहतात तिथं, बाजार भरतो. मला ठाऊक होतं, पण इतकी वर्षं ते सांगावंसंच वाटलं नाही."

विमानं सुरू झाल्यावर ते गेले ते गेलेच. मधूनमधून फोटो येतो. किल्ला मागे पुसट, पुढे नात, मानेखाली हात बरोबर ठेवलेला. नवीन स्टोअरवाला पोती न उघडता सही करतो, ट्रक झटपट सुटतात, ड्रायव्हर खूश आहेत. आमचा शुक्रवार मात्र फार लांब झाला आहे. मिस्साहून येते, मासे तळते, ताटं मांडते, आणि दुपार काही केल्या संपत नाही. बेल वाजली तर पाणीवाला असतो. मिठाचं नवीन पाकीट फोडलं की मी चिमूट जिभेवर ठेवते. मीठच असतं.

वसईला माझी आई एकटी आहे. दर शुक्रवारी तिचा फोन येतो, कधी येतेस विचारते, आणि मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले आहे, एवढं वर्ष संपलं की, नाताळला, इन्शाल्ला. तीही हो म्हणते, सावकाश ये म्हणते. परवा तिने असंच म्हटलं आणि मला काकांचा फडकं घडी करणारा हात आठवला. मी म्हटलं, आई, नाताळला नाही, पुढच्या महिन्यातच येते. पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर काढल्याची खसखस ऐकू आली, आणि आई म्हणाली, तारीख सांग.