केइताने बांधलेली पट्टी

बामाकोत ज्याने म्हणून बास्केटबॉल खेळला, त्याच्या घोट्याला मामुतू केइताचा हात लागलेला असायचाच. तो डॉक्टर नव्हता. शिया झाडाच्या बियांचं लोणी, चिकटपट्टी आणि अखंड चालणारं तोंड, एवढीच त्याची सामग्री.

आफ्रिकेतल्या अठरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा आमच्याकडे भरली, तेव्हा मी माली संघाची दुय्यम प्रशिक्षक होते. सगळी भिस्त सिरा कुलिबालीवर. उपांत्य सामन्यात उडीवरून खाली येताना तिचा गुडघा मुरगळला आणि सकाळपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. अंतिम सामन्यात तिला उतरवायचं की नाही, हे मामुतू ठरवणार होता.

“नाही,” तो म्हणाला. “आज खेळली तर पुन्हा कधी खेळणार नाही ही पोर.”

सिरा रडली नाही. सरळ त्याच्या दारात आडवी झाली. केइता आणि कुलिबाली या आडनावांची माणसं म्हणजे आमच्यात थट्टेचे सोयरे. एकमेकांना गुलाम म्हणावं, चवळीवरून टोचावं, पण राग धरू नये. आणि या नात्याची आण घालून मागितलं, तर नाही म्हणू नये.

“ए चवळीखाऊ, मालकीण दारात पडलीय आणि गुलाम नुसता बघतोय? बांध पट्टी.”

“मालकीण म्हणे! गावची चवळी फस्त केलीस, म्हणून गुडघा फुगलाय.”

“केइता, कुलिबाली मागतेय.”

मुली खिदळल्या. मुख्य प्रशिक्षकांनी तर टाळ्या पिटल्या. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. मामुतूचं हसू मावळलं. तो खाली बसला आणि पट्टी गुंडाळू लागला.

सामना अर्धा सरला आणि सिरा कोसळली. सेनेगल जिंकलं. दोनदा शस्त्रक्रिया होऊनही पाय वाकेना. आता ती बाजारात कांदे विकते.

मामुतू तिच्याकडूनच कांदे घ्यायचा, चवळीवरून चिडवायचा, तीही परतफेड करायची. परवा मी सोबत होते.

“काय गं चवळीखाऊ, धंदा काय म्हणतोय?”

सिराने मान वर केली नाही. “काका,” ती म्हणाली, “मी सोळा वर्षांची होते. मला काय कळत होतं? तुम्हाला तर कळत होतं ना?”

कुलिबालीची पोर केइताला काका म्हणत नाही, अहो-जाहो तर नाहीच. मामुतू तिथेच उभा राहिला. तिने कांद्यांचा एक ढीग त्याच्या पिशवीत ओतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.