पाकोळ्यांचा रंगारी

माझा मामा इमारतींना बाहेरून रंग देणारा रंगारी. परांचीवर उभं राहून त्याने आयुष्यभर लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या. आधी भिंत घासायची, मग भोकं-भेगा सिमेंटने बुजवायच्या, मग पुट्टी, मग रंग. "रंग काय, कुणीही लावेल," तो म्हणायचा, "कारागीर ओळखायचा तो बुजवण्यात." त्याने बुजवलेल्या जागेवरून बोट फिरवलं तरी भेग कुठे होती ते सापडायचं नाही, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

पन्नाशीला टेकला तेव्हा एका जुन्या दवाखान्याचं काम त्याच्याकडे आलं. तीन मजले, वर उतरतं छप्पर आणि छपराखालच्या विटांमध्ये ओळीने भोकं. दोन दिवसांत मामाने आणि त्याच्या जोडीदाराने त्यांतली अकरा बुजवली. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन मामा पुन्हा वर चढला, तर काळी पाखरं सुसाट येऊन ओल्या सिमेंटवर आदळत होती. आदळायची, वळसा घ्यायची आणि परत तिथेच. त्यातलं एक परांचीच्या फळीवर पडलं. मामाने ते उचललं. कोयत्यासारखे बाकदार पंख, आणि पाय इतके तोकडे की धड उभंही राहता येईना.

"पाकोळी आहे," जोडीदार म्हणाला. "दे उडवून. जातील दुसरीकडे, त्यांना काय जागेचा तोटा?"

मामाने तळहात उंच धरला. पाकोळी सुटली ती थेट बुजवलेल्या भोकाकडेच. मग मामाने भिंतीला कान लावला. आतून अगदी बारीक चिरचिर येत होती.

"अरे, आत पिल्लं आहेत!"

"मुकादम येईल आता."

"येऊ दे."

त्याने छिन्नी-हातोडी उचलली. सकाळी बुजवलेली भोकं ओलीच होती, भराभर मोकळी झाली. आदल्या दिवशीची दगडासारखी घट्ट झाली होती, तीही त्याने फोडली. बहुतेक घरट्यांत अजून धुगधुगी होती. एकात मात्र दोन पिल्लं एकमेकांना चिकटून गार पडलेली. मामाने ती हातरुमालात घेतली आणि दवाखान्यामागच्या झाडाखाली पुरली. हे जोडीदाराने आम्हाला सांगितलं.

भिंतीची झालेली चाळण पाहून मुकादमाने शिव्यांची लाखोली वाहिली आणि मामाला तिथल्या तिथे घरी पाठवलं. अशा बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? आठवड्याभरात सगळे रंगारी त्याला 'भगदाडे' म्हणायला लागले. "काय भगदाडे, आज कुणाची भिंत पाडली?" मामा ते हसण्यावारी न्यायचा, पण घरी आला की ताट अर्धं टाकून उठायचा.

मामी शिलाई मशीनवर बसलेली असायची. एकदा तिने विचारलं, "कामाचं मनाला लावून घेतलंत का? मिळेल की दुसरं."

"कामाचं नाही गं. इतक्या वर्षांत मी अशी किती बुजवली असतील?"

मामीने मशीनचं पायडल थांबवलं. म्हणाली, "गेलेलं काही परत येत नाही. पण भिंती तर तिथेच उभ्या आहेत ना?"

तेवढं त्याला पुरलं. बुजवलेली भोकं पुन्हा उघडू द्या म्हणत सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच रंगवलेल्या जुन्या इमारतींचे उंबरे झिजवायला लागला. लोक त्याला वेड्यात काढत. "आधी बुजवायला आलात, आता उकरायला आलात होय!" शेवटी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्याला खुर्ची तरी दिली.

"पाखरांनी घाण होईल, डास वाढतील," त्या म्हणाल्या.

"बाई, डासच तर खातात त्या. दिवसभर उडता उडता दुसरं करतात काय?"

बाईंनी भिंत उकरू दिली नाही, पण मागच्या बाजूला छपराखाली लाकडी खोकी लावायला हो म्हटलं. मामाने सहा खोकी केली, प्रत्येकाला पाकोळी शिरेल एवढंच आडवं भोक ठेवलं. पहिल्या वर्षी तिकडे कुणी फिरकलंच नाही. दुसऱ्या वर्षी दोन खोक्यांत चिमण्या शिरल्या आणि एकाच्या कडेला कुंभारीण माशीने मातीचं इवलंसं मडकं बांधलं.

"तुमच्या पाकोळ्या काही दिसत नाहीत," बाई म्हणाल्या.

"भाडेकरू आपण निवडायचे नसतात, बाई. आले त्यांना राहू द्यायचं."

चौथ्या वर्षी एके सकाळी बाईंचा फोन आला. "लवकर या. पहिला तास चालू आहे आणि वर्गात एकाचंही फळ्याकडे लक्ष नाही." मामा सायकल दामटत गेला. खोक्यात एक पाकोळी शिरत होती, दुसरी मागे घिरट्या घालत होती. तो नुसता बघत राहिला. बाईंनी चहा पाठवला, तो गार झाला.

आता मामाचे गुडघे बोलतात, परांचीवर चढणं बंद झालंय. गेल्या वर्षी तोच मुकादम दारात आला. जरा अवघडलेलाच होता. "जुनी वाचनालयाची इमारत रंगवायला घेतोय," तो म्हणाला. "परांची बांधायच्या आधी एकदा येऊन बघ. मागाहून फोडाफोडी नको."

मामा गेला. समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून सकाळपासून दुपारपर्यंत बसला आणि चारही बाजू न्याहाळल्या.

"उत्तरेची भिंत दीड महिना राहू द्या," तो म्हणाला. "बाकीच्या तीन करा."

"दीड महिना? मालकाला काय सांगू?"

"सांगा, भिंतीत माणसं राहतात."

मुकादमाने कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी परांची बांधली गेली ती तीनच बाजूंनी.