मी न दिलेल्या दोन रिंगा

महाडला मी कॉलेजात गणित शिकवायचो आणि उरलेल्या वेळात एक म्हातारं कॉम्प्युटर-मशीन सांभाळायचो. एका बंद कारखान्याच्या भंगारातून ते मी आणि माझ्या मित्राने उचललं होतं. मित्र नाते गावचा, शाळेत माझ्याच वर्गातला, पुढे पुण्याला प्रोग्रॅमर झालेला. तेव्हा जगभरातली माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम फुकट लिहीत होती. ती नव्याजुन्या बऱ्याच जातींच्या मशीनांवर चालावी असा त्यांचा हट्ट होता. आमच्या मशीनची जात आम्हा दोघांच्या गळ्यात पडली होती.

काम करणाऱ्यांसाठी नियमावली होती. सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये बदल केलात, तर तो प्रत्येक जातीच्या खऱ्या मशीनवर चालवून बघायचा. मशीनने पडद्यावर जे लिहिलं ते जोडायचं आणि खाली चालवून बघणाऱ्याचं नाव टाकायचं. मित्र पुण्यात बदल लिहायचा, मी महाडात मशीन चालवायचो आणि खाली माझं नाव लागायचं. बायको म्हणायची, "लग्नपत्रिकेत नाव छापलं तेव्हासुद्धा एवढे खूश नव्हता." ते अगदीच खोटं नव्हतं.

पण पावसाळ्यात आमचं इंटरनेट म्हणजे नुसता वैताग. पडद्यावरचा मजकूर पाठवता पाठवता लाइन तुटायची. मग आम्ही पळवाट काढली. मी त्याच्या खोलीवर फोन लावायचा. दोन रिंगा देऊन ठेवला तर सगळं ठीक, चार दिल्या तर गाडी अडली. तो फोन उचलायचा नाही, दोन रिंगा ऐकल्या की माझं नाव टाकायचा. मजकूर जोडायचाच नाही. नियमात हे कुठेही बसत नव्हतं. दोन पावसाळे आम्ही तसंच रेटलं, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या पावसाळ्यात त्याने डिस्कवर लिहिण्याच्या कोडमध्ये मोठा बदल केला. नवी आवृत्ती दोन दिवसांवर आली होती. इकडे चार दिवस वीज नव्हती. मशीनवर मी गोधडी टाकून ठेवली होती आणि फोनला हातही लावला नव्हता. वीज आल्यावर मेल उघडली, तर बदल आत गेलेला आणि खाली माझं नाव. सोबत परदेशातल्या एका वृद्ध प्राध्यापकांचं पत्र. त्यांच्याकडे आमच्यासारखंच मशीन होतं. नव्या आवृत्तीने त्यांची डिस्क पुसली होती, कित्येक वर्षांच्या पक्ष्यांच्या नोंदींसकट. "तुमचं नाव पाहिलं, म्हणून प्रत काढून ठेवली नाही," त्यांनी लिहिलं होतं. मला लाज वाटली, आणि मग भयंकर राग आला.

मित्राला फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"रिंगा आल्या व्हत्या की रे दोन."

"मी दिल्या नाहीत. इकडे वीजच नव्हती."

"मग मला काय ठाव नाय. आल्या व्हत्या."

एरवी हा पुणेरी बोलायचा. गावची बोली बाहेर आली की समजायचं, गडी खोटं बोलतोय. शाळेपासून मला हे ठाऊक होतं.

सगळ्यांच्या मेलवर विचारणा झाली, मशीनचा मजकूर कुठे आहे? खरं सांगावं, तर दोन पावसाळ्यांचं सगळंच उघडं पडणार आणि सिस्टिम ज्यांवर चालते त्या मशीनांच्या यादीतून आमचं मशीन जाणार. मी वाट बघितली, तो काहीतरी लिहील. त्याने एकच ओळ लिहिली: ज्यांचं नाव आहे त्यांनाच विचारा.

मी लिहिलं, चूक माझी, या एकाच वेळी मशीन न चालवता होकार कळवला. मशीन यादीत राहिलं. बदलांखाली नाव टाकायचा माझा अधिकार मात्र काढून घेतला. प्राध्यापकांना मी वेगळं पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं नाही.

गणपतीला तो गावी आला, तसा आमच्याकडेही आला. बायकोने पोहे केले.

"तू सांभाळून घेतलंस," तो म्हणाला. "माझं नाव खराब झालं असतं, तर नवी नोकरी हातची गेली असती."

आता तरी माफी मागेल, असं मला वाटलं. त्याने लिंबू पिळलं.

"यापुढे असं करू. मशीन तूच चालवत जा. खाली मी माझं नाव टाकीन. म्हणजे तुला त्रास नको."

मी उठलो आणि त्याच्या हातातली बशी काढून घेतली. त्यात अजून अर्धे पोहे होते.