एक जानेवारीची माणसं

कॅनबेरातल्या एका सरकारी ऑफिसात माझं काम ऐकायला भारी, करायला कंटाळवाणं. पेन्शन किंवा बेकारभत्ता मागणाऱ्यांपैकी कुणावर अटक वॉरंट तर नाही ना, ते बघायचं. डाव्या स्क्रीनवर अर्जदार, उजव्या स्क्रीनवर पोलिसांची यादी. जोड्या मशीन लावतं, आम्ही तपासायच्या. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळलं की ‘बहुधा तोच’वर क्लिक. मग अर्ज थांबतो आणि ‘वॉरंटमधला माणूस तुम्ही नाही हे दाखवा’ असं पत्र घरी जातं. मी धडाधड क्लिक करायचे.

एकदा दुपारी एका आजोबांचा फोन माझ्याकडे आला. युद्धातून पळून, कितीतरी वर्षं छावणीत काढून इथे आलेले. लाईनवर दुभाषी बाई. पेन्शन अडकलेली, बायको आजारी, आणि घरमालकाने घर सोडायची नोटीस दिलेली. फाईल उघडली. दुसऱ्या राज्यात कुणालातरी जबर मारहाण करून फरार झालेल्या माणसाचं नाव आणि जन्मतारीख आजोबांशी जुळत होती. क्लिक माझाच होता.

ओळख पटवायला मी नेहमीचा प्रश्न विचारला. जन्मतारीख?

“एक जानेवारी,” दुभाषी म्हणाली. मग तिकडे दोघांचं बरंच बोलणं झालं. “ते म्हणतायत, बायकोचीही एक जानेवारीच. भावाचीही. छावणीतल्या कारकुनाने सगळ्यांची तीच लिहिली, साल अंदाजाने. ते विचारतायत, तुमच्या देशात असं होत नाही का?”

होत नाही कसं? माझ्या बाबांची जन्मतारीख एक जून. काकांची एक जून, आत्याची एक जून. तिकडे गावी शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. अहो, आमच्या अख्ख्या खानदानात खरोखर एक जूनला जन्मलेलं एकही माणूस नाही! ऑफिसातल्या बाकी कुणाला हे माहीत नसेल एक वेळ, पण मला? मला स्वतःची इतकी लाज वाटली की हेडफोन काढून फेकावासा वाटला.

वॉरंटचा पूर्ण तपशील उघडला. आधीही उघडता आला असता, दोन मिनिटांचं काम. फरार माणसाच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. माझ्या सांगण्यावरून आजोबा दुसऱ्या दिवशी त्यांच्या जवळच्या ऑफिसात गेले, काउंटरवर दोन्ही हात दाखवले, आणि पेन्शन सुटली.

मी सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, एक जानेवारीच्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासायला हव्यात. तो म्हणाला, “नो वरीज, मेट, पुढच्या अपडेटमध्ये बघू.” डोंबलाचं नो वरीज! माझं डोकंच फिरलं. “तोवर लोकांनी काय खायचं?” असं मी बोलून गेले, आणि चार माना वळल्या.

मग मी माझेच जुने क्लिक काढले, फक्त एक जानेवारीचे. यादी स्क्रीनवर मावेना. बऱ्याच फाईलींवर एकच शेरा होता: उत्तर आलं नाही, फाईल बंद. म्हणजे या लोकांनी पत्र वाचलं, किंवा कुणाकडून वाचून घेतलं, आणि गप्प बसले. आजोबा भांडले म्हणून सुटले, इतकंच.

सुपरवायझरला न विचारता मी फोन लावायला घेतले. पहिला नंबर बंद होता. दुसरा एका बाईने उचलला. मोडक्या इंग्लिशमध्ये हॅलो म्हणाली. मी ऑफिसचं नाव सांगितलं, आणि पुढचं वाक्य सुरू करायच्या आत ती घाईघाईने म्हणाली, “नाही, नाही. आम्ही आता काही मागत नाही. सॉरी. व्हेरी सॉरी, मॅडम.” आणि तिने फोन ठेवला.

माफी मागायला फोन मी केला होता.