चौथं कडवं

पीळमावशीला हसताना पाहिलेलं माणूस हुडकून सापडणार नाही. इतरांच्या नाकावर राग येऊन बसतो, हिच्या नाकावर तो घर बांधून राहिला होता. दोराच्या कारखान्यात सगळी हयात गेली म्हणून हे नाव पडलं. ते स्वभावावरून पडलं असं म्हणणारेही होते, पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची छाती कोणाची नव्हती.

आणि अशा बाईच्या नशिबी काय यावं? तर गावभर वाजणारं गाणं! ‘उंच उंच भिंतीवर गं बाळ माझं झुललं’ न्हाव्याच्या दुकानात वाजे, बसमध्ये वाजे, लग्नाच्या हॉलमध्ये नवरी निघाली की हमखास वाजे. लोक डोळे पुसायचे आणि आणखी एक चहा मागवायचे. मावशी खिडकी अशी आपटायची की तावदानं थरथरायची. एकदा शेजारीण न राहवून म्हणाली, "केवढं भाग्य हो तुमचं! तुम्ही रचलेलं गाणं सगळ्यांच्या तोंडी आहे."

"भाग्य? तुझ्या घरचं मढं कोणी गावभर नाचवलं, तर तू साखर वाटशील का?"

शेजारणीने त्या दिवशी कानाला खडा लावला. बिचारीचं तसं काही चुकलं नव्हतं. तिला माहीत असलेलं गाणं गोडच होतं. फक्त ते पुरं नव्हतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला दोराचे सुटे पदर ताणून धरलेल्या बायका. चाक फिरलं की पदर एकमेकांत पिळले जायचे. पीळ किती द्यायचा हे फेरे मोजून ठरवत नसत, कारण मोजणारीला कोणी हाक मारली की आकडा गेलाच. गाणं तसं विसरत नाही. म्हणून चाकावरची बाई चार कडव्यांचं एक जुनं गाणं म्हणायची आणि ते संपलं की चाक थांबवायची. दोर पुरा. वर्षानुवर्षं हेच माप.

मग मालाची मागणी वाढली, मालक मागे लागला आणि मुकादमाला घाई सुटली. "तीन कडवी बास झाली," तो म्हणाला. बायका कुरकुरल्या. मावशी तर हमरीतुमरीवर आली. पण पोट सगळ्यांनाच होतं. शेवटी त्यांनी माना खाली घातल्या आणि चौथं कडवं गिळलं. चाकावर मावशीच होती.

तिचा थोरला मुलगा रंगारी. उंच इमारतींच्या गच्चीवरून दोराला लटकून भिंती रंगवायचा. दोर आईच्याच कारखान्याचा हवा असा त्याचा हट्ट. "आईच्या हातचा आहे, मला काय धाड भरणार?" असं सोबत्यांना ऐटीत सांगायचा.

तो दोर तुटला.

"पोराने गाठच नीट मारली नसेल," मालक म्हणाला आणि त्याच्यापुरता विषय मिटला. मावशी कामावर परतली ती नवं गाणं घेऊनच. तीन कडवी मुलाची: त्याच्या नखांत अडकलेला रंग, जिन्यावरची त्याची शीळ, त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. आणि चौथं हे:

*कडवं गिळलं घाईघाईनं, पीळ राहिला उणा,*
*माझ्याच हातचा दोर बाई, अर्धा माझा गुन्हा;*
*उरला अर्धा ज्याचा त्यानं मोजून घ्यावा पुन्हा.*

गाणं तिने मुद्दाम जुन्या गाण्याइतकंच लांब ठेवलं होतं. ते म्हणत ती चाक फिरवू लागली तेव्हा मुकादमाने तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहून मिटलं. मुलगा गमावलेल्या बाईला अर्ध्यावर थांबवायचं कोणी? मुलगा परत येणार नव्हता, पण दोर पुरे होऊ लागले. एवढ्यावर ती जगत होती.

पुढे एक गायक आपल्या तंबूसाठी दोर घ्यायला कारखान्यात आला, दारात उभं राहून गाणं ऐकलं आणि पाठ करून घेऊन गेला. रेडिओवर ते गाजलं तेव्हा मिठाईचा पुडा घेऊन मावशीच्या घरी आला. त्याला पाणीसुद्धा न विचारता तिने विचारलं, "चौथं कुठे गेलं?"

"ते जरा कडू आहे हो, मावशी. आई स्वतःलाच गुन्हेगार म्हणते, लोकांना रुचत नाही. लोक गाणं ऐकतात ते बरं वाटावं म्हणून."

"माझा मुलगा मेला तो काय लोकांना बरं वाटावं म्हणून? ऊठ! चालायला लाग!"

मिठाईचा पुडा त्याच्या मागोमाग जिन्यावरून गडगडत गेला. तेव्हापासून घरात त्या गाण्याचं नाव काढायचं नाही असा दंडक झाला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मावशी घरी बसली. तिच्या बरोबरीच्या बायकाही एकेक करून निघाल्या. धाकटाही रंगारीच झाला. तिने डोकं आपटून घेतलं, पण ऐकेल तर शपथ. त्याची बायको कारखान्यात चाकावर लागली. सून गुणाची, सासूच्या तोंडाचा पट्टा सुटला की हळूच दुसऱ्या खोलीत सटकणारी.

एका सकाळी सून मोरीत चादर पिळत होती. कामाच्या तंद्रीत गुणगुणायला लागली आणि आपण कोणतं गाणं गुणगुणतोय याचं तिला भान राहिलं नाही. मावशी ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेचे हात थांबले. तिने चादर दांडीवर टाकली. चादरीतून धो धो पाणी गळत होतं.

"का थांबलीस?"

सून दचकली. "चुकले, आई. परत नाही म्हणणार."

"ते मरू दे! पिळायची का थांबलीस?"

"गाणं संपलं ना," सून म्हणाली. "कारखान्यात तशीच सवय लागलीय."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? नवे मुकादम म्हणाले, गाणं तर तुम्हाला रेडिओवरून पाठच आहे. आजच ह्यांच्यासाठी नि ह्यांच्या जोडीच्या रंगाऱ्यांसाठी माल जायचाय."

मावशीने चपलासुद्धा घातल्या नाहीत. गुडघे ठणकत होते, तरी सुनेला मागे धावावं लागलं.

कारखान्याच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यात नव्या दोरांची भेंडोळी. मावशीने भिंतीवरचा सुरा ओढला आणि पहिलं भेंडोळं मधोमध कापलं. मग दुसरं. मुकादम बोंबलत आला.

"मावशी, डोकं फिरलंय का? अहो, गाणं तर तुमचंच आहे!"

"माझं? तुमच्यातल्या एकाने तरी ते पुरतं, चौथ्या कडव्यासकट ऐकलंय का?" तिने कापलेलं टोक दोन तळव्यांत धरून उलटं चोळलं. पदर सुटून लोंबू लागले. "ह्याच्यावर चढतोस? चढ! मी धरते!"

"मालकाला काय सांगू मी?"

"सांग, त्याचा अर्धा वाटा न्यायला ये म्हणावं. कधीचा पडून आहे."

मुकादमाला त्यातलं काही कळलं नाही, पण लोंबणारे पदर दिसत होते. तो टेम्पोपासून बाजूला झाला. मावशीने सुनेला दंडाला धरून चाकाशी नेलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. हे सगळे दोर तिच्या हातचे होते.

"आई, चौथं कडवं आहे हे मला कधीच का नाही सांगितलंत?"

मावशीने तिचा हात चाकावर ठेवला. घरात कोणाला तोंड उघडू दिलं असतं तर ना! गायकाने कडवं गिळलं म्हणून तिने इतकी वर्षं आदळआपट केली, आणि चार भिंतींच्या आत तिने स्वतः अख्खं गाणंच गिळलं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"फिरव," ती म्हणाली.

सून फिरवू लागली. तिसरं कडवं संपलं तसा सवयीने हात सैल पडला. मावशीने चौथ्याची पहिली ओळ म्हटली, सुनेने मागोमाग म्हटली. मग दुसरी. ‘माझ्याच हातचा दोर बाई, अर्धा माझा गुन्हा’ म्हणताना सुनेचा आवाज फुटला आणि चाक मंदावलं.

"रडायचं तर रड!" मावशी ओरडली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "पण हात थांबवू नकोस!"