मांजरसुंब्याला वितळलेला बर्फ

सरांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेतच होते. "सुनंदा, तुझे सर गेले गं," एवढंच म्हणाल्या. महिना उलटून गेला, तरी लिहायला बसले की हात अडतो… दुःख आहेच, पण त्याहून जास्त लाज आहे.

विश्वंभर सर बीडला आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मूळचे तलवाड्याचे. पुढे मी त्यांच्याच हाताखाली काम करू लागले. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, कंपन्यांचं बियाणं चकचकीत पाकिटांतून यायला लागलं होतं, आणि सरांच्या डोक्यात भलतंच खूळ होतं. जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, प्रत्यक्ष काम करणारा तुकडा, थांबवणारा तुकडा… सगळ्यांची टोकं ठरावीक मापाची ठेवायची, म्हणजे कुणाचाही तुकडा कुणालाही बसेल. "एका मोटारीचा नट दुसरीला बसतो, मग ज्वारीचा तुकडा कापसाला का बसू न्हाई?" बाकीचे प्राध्यापक हसायचे. विजेचा भरवसा नसल्याने सर डीएनएचा थेंब टिपकागदावर वाळवून बहिणीच्या लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पाकिटांत ठेवत. कोपऱ्यांना हळद लागलेली ती पाकिटं पाहून मीही हसायचे, पण माणूस मला फार आवडायचा.

ज्वारीच्या पानातला, चालू करणारा तुकडा तयार करायचं काम माझ्याकडे होतं. अट एकच होती. टोकं कापणारं एन्झाइम तुकड्याला मधेच कुठे कापता कामा नये. माझा तुकडा मधेच तुटत होता. डीएनएतलं एक अक्षर बदललं की भागलं असतं, पण त्यात दोन-तीन महिने गेले असते, आणि पुण्याची नोकरी दाराशी उभी होती. मी पाकिटावर 'तपासला, ठीक' असं लिहिलं आणि मोकळी झाले.

मी पुण्याला आले आणि तिकडे माझा तुकडा घालून केलेली सरांची जोडणी काही केल्या टिकेना. कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या एन्झाइमचा डबा पुण्याहून बर्फात घालून अंबाजोगाईच्या गाडीने यायचा, ती गाडी बीडला येत नसे, म्हणून तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरवून घ्यावा लागे. त्या खेपेला सर परीक्षेच्या कामात, म्हणून काकू गेल्या होत्या. पोहोचायला उशीर झाला आणि डबा दुपारभर ढाब्याच्या ओट्यावर उन्हात पडून राहिला. "कापणारं चालतंय, जोडणारंच उन्हानं मेलं," सर मला फोनवर म्हणाले. मी म्हणाले, "असेल सर." मग अनुदानाची मुदत संपली आणि दुसरा डबा काही आला नाही. माझं ते 'असेल' तसंच राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर बीडला गेले. काकूंनी पाकिटांची चळत पुढे ठेवली आणि हळूच विचारलं, "तुला कळतंय यातलं. त्या दिवशी मी येळेवर गेले असते, तर झालं असतं ना त्यांचं काम?"

मी सगळं सांगितलं. बर्फ टिकला असता तरी जोडणी झाली नसती, हेही सांगितलं.

काकूंनी पाकिटांची चळत स्वतःकडे ओढून घेतली. "त्यांना ठाऊक हुतं?"

"नाही काकू. मी कधी सांगितलंच नाही."

"ते मला एका शब्दानं बोलले न्हाईत," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी पोरीला ताप हुता, म्हणून मला उशीर झालता. मी तिला लई बोलले गं… तुझ्यापायी बापाचं काम बुडालं म्हणून. सासरी गेली तरी बोलत राहिले."

आता त्या मला रागावतील, याची मी वाट पाहत होते. त्या उठल्या, फोनपाशी गेल्या आणि लेकीचा नंबर फिरवायला लागल्या.