बेस हाय का?

भैरूच्या संशयी स्वभावाची कारेगावात सगळ्यांना सवय झाली होती. हायवेच्या कडेला त्याची रंगकामाची पत्र्याची शेड होती. तिथल्या कॉम्प्रेसरला त्याने म्हशीची साखळी घातली होती आणि साखळीला कुलूप. चहा आला की आधी वास घ्यायचा, मग घोट.

"तुमचा सावलीवर बी इस्वास न्हाई," बायको, पूनम, म्हणायची.

"भर दुपारी कुठं जाती, ते सावली सांगती का?" भैरू म्हणायचा.

याला कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एकाने निळी मोटारसायकल आणली आणि काळी करून नेली. गाडी चोरीची निघाली. भैरूला चौकीत बाकावर बसवून ठेवलं. सुटून घरी आला, तेव्हा आई, अनसाबाई, भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "आपल्या वाड्यात दुसऱ्याचं मेंढरू कवा आलं न्हाई," एवढंच म्हणाली. घरात मेंढरं उरली नव्हती, वाडा उरला नव्हता. बोलणं तेवढं उरलं होतं. तेव्हापासून रंग बदलायचा म्हणणाऱ्याला भैरू आधी गाडीचे कागद मागायचा. कागद नसले तर सरळ रस्ता दाखवायचा.

अशा माणसाकडे बाळासो खताची गोणी घेऊन आला.

बाळासो केडगावकडचा. घरी शेवंती आणि झेंडूची शेती. दौंडला शाळेत असताना दोघे वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिले होते. एकाच्या घरची चटणी दुसऱ्याने खाल्ली होती. बाळासोला फुलांपेक्षा वाजवण्याचा नाद. लग्नं-जत्रा करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात तो वाजवायचा.

त्याने गोणीतून गिटार काढली. लालभडक. वर ऑर्केस्ट्राचं नाव सोनेरी अक्षरांत.

"पार लाकडापतुर खरवड," तो म्हणाला. "नाव गेलं पायजे. मग काळा दे."

भैरूने गिटार फिरवून पाहिली. "दोन तारा कुठं गेल्या?"

"बेस हाय."

"तारा न्हाईत आन् बेस म्हणतोस?"

"आरं येड्या, हिला बेस म्हणत्यात. हिला चारच तारा असत्यात."

बाळासो हसला. भैरू हसला नाही. पिक्चरमधल्या गिटारीला सहा तारा असतात, हे त्याने मोजलेलं होतं.

"आन् कुणाला बोलू नगो," जाताना बाळासो म्हणाला. "दादाला तर आजिबात न्हाई."

दादा म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक.

बाळासो गेला आणि भैरूच्या डोक्यात भुंगा शिरला. आणली गोणीतून. रंग बदलायचा. नाव घालवायचं. मालकाला कळू द्यायचं नाही. मोटारसायकलवाला तरी यापेक्षा काय वेगळं बोलला होता? दुसरा कुणी असता तर भैरूने गोणी रस्त्यावर ठेवली असती. पण बाळासोला कागद मागायचा कसा? आणि गिटारीला कसला कागद?

विचारायचं राहिलं. भैरूने काम सुरू केलं.

तारा सोडवल्या. दांडा आणि आतलं वायरिंग काढून फडक्यात बांधलं. उरलेल्या फळीवर रिमूव्हर फिरवला. लाल रंगाला फोड आले. पात्याने ओढला की साप कात टाकतो तसा निघत होता. आधी सोनेरी नाव गेलं. मग लाल. खाली खाचा बुजवायच्या लांबीचा थर, त्याच्याखाली जुनं तपकिरी पॉलिश. पॉलिश पेपर मारता मारता लाकूड उघडं पडलं. फिकट, रेषारेषांचं, देखणं. भैरूने त्यावर तळवा फिरवला आणि लगेच काढून घेतला. चोरीची वस्तू देखणी असली म्हणून काय झालं?

मेंढरांच्या पाठीवर त्याचे आजोबा रंगाची खूण करायचे. लोकर कातरली की खूण जायची. मग कान बघायचे. ज्याच्या त्याच्या मेंढराचा कान वेगळा कातरलेला. रंग जातो, कान जात नाही.

भैरू त्या फळीचा कान शोधायला लागला.

फळीला वर दोन शिंगं होती. एका शिंगाला पट्टा अडकवायचं भोक, कंपनीचं, सरळ. दुसऱ्या शिंगाला आणखी एक भोक. ते हाताने पाडलेलं, तिरपं. असं कशाला? भैरूने फळी उलटी करून छातीशी धरली. आणि त्याला आठवलं, बाळासो डावरा. वसतिगृहात पंगतीत डाव्या हाताने जेवतो म्हणून मार खायचा. डावऱ्याला गिटार उलटी धरायची, तर पट्टा दुसऱ्या शिंगालाच लागणार.

त्याने बॅटरी लावून तिरप्या भोकात पाहिलं. आत लाल रंग उतरलेला होता. म्हणजे भोक आधीचं, रंग नंतरचा. ऑर्केस्ट्राचा लाल रंग बसण्याआधीपासून ही वस्तू बाळासोच्या गळ्यात होती.

भैरूच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने प्रायमर चढवायला फळी खिळ्याला टांगली. तोंडाला फडकं बांधून कॉम्प्रेसर चालू केला.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

"काय भैरू, बेस हाय का?" कुणीतरी ओरडलं.

"बेस हाय की! या, बसा," भैरू सवयीने म्हणाला. खुशाली सगळ्या गावाला अशीच विचारतात आणि सगळं गाव अशीच सांगतं.

"मग आण भाईर."

जीपमधून दादा उतरला होता. गळ्यात सोन्याची चेन, तोंडात पान. भैरूचा हात रंग उडवायच्या बंदुकीवरच राहिला. जन्मभर प्रत्येक शब्द उलटासुलटा करून पाहणारा माणूस, एका शब्दावर विश्वास ठेवून बसला होता.

"माझा बेस हाय तो," दादा म्हणाला. "मी लाल करून, नवा करून त्याच्या हातात दिला. आता दुसऱ्या पार्टीत चाललाय लेकाचा, तर बेस घिऊन चालला. गोणी हितं उतरवताना लोकांनी बघितलाय त्याला. तू चोराला सामील हायस का?"

"बाळासोला बोलवा," भैरू म्हणाला. "त्याच्यासमोर काय ते बोला."

दादाने समोरच्या टपरीवरून फोन लावला. बाळासो दुपारी आला. दादाला पाहून आधी भैरूकडेच त्याने पाहिलं. सांगितलंस? असं ते पाहणं होतं.

"दौंडच्या रेल्वे गार्डसाहेबानं सोताचा बेस रिटायर होताना दिला मला," तो दादाला म्हणाला. "तुमचा निस्ता रंग."

"साक्ष कोण? मेला गार्ड."

भैरूने फळी खिळ्यावरून काढली. दादापुढे धरली.

"दादा, तुमी म्हणता लाल करून मग दिला. हे भोक डावऱ्याचं. बॅटरीनं बघा. आत लाल उतरलाय. भोक आधी नसतं, तर रंग आत गेला असता का?"

दादाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. पान थुंकला.

"भोकाची साक्ष काढतोय," तो म्हणाला. "शाणा झाला." आणि जीपमध्ये जाऊन बसला. जीप शिरूरच्या बाजूला गेली.

भैरू खुशीत वळला. पूनमला हाक मारून चहा सांगणार, तोच बाळासो म्हणाला,

"भोक कवा बघितलंस?"

"आँ?"

"दादा यायच्या आधी, का नंतर?"

सोपं होतं. नंतर म्हणायचं. नंतर म्हटलं असतं तर दोघांनी चहा घेतला असता. पण खोटं बोलताना भैरूला नेहमी वाटायचं, समोरच्याला कळतंय.

"आधी," तो म्हणाला.

बाळासोने मान हलवली. "इचारायचं हुतंस मला. मी सांगितलं नसतं का?"

"तूच म्हणलास बोलू नगो. मला वाटलं..."

"व्हय. वाटलं."

त्याने फळी गोणीत घातली. दांड्याचं गाठोडं घातलं.

"काळा राहिलाय," भैरू म्हणाला. "लाकूड उघडं हाय. पाणी धरंल."

"धरू दे."

पुढे उन्हाळ्यात न्हावऱ्याला एका लग्नात भैरूने त्याला पाहिलं. स्टेजच्या कोपऱ्यात उभा होता. बेस निळा केलेला होता, ब्रशने. लांबूनही दिसत होतं. कडेला रंगाचे ओघळ आले होते, आणि ते तसेच वाळले होते. भैरूचे हात शिवशिवले. दोन पावलं पुढे गेला. बाळासोने वाजवता वाजवता त्याच्याकडे पाहिलं.

जवळ जाऊन काय बघायचं? बघितलं की म्हणणार, आता काय शोधतोस.

भैरू पंगतीत जाऊन बसला. स्टेजकडे पाठ करून. वाढप्याने बुंदी वाढली. त्याने वास न घेता खाल्ली.